वार्षिकांकातील छायाचित्र

महाविद्यालयाच्या एखाद्या वर्षाचा इतिहास शोधताना आम्ही प्रथम वार्षिकांकाकडे वळतो. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली सुरू झाले आणि नीरा डाव्या कालव्याकाठच्या, थेट इंदापुराकडच्या मुलामुलींनाही पदवीचे शिक्षण जवळ आले. अशा महाविद्यालयांचे क्रीडा-अहवाल जिंकलेल्या ढाली नोंदवतात. परंतु स्पर्धांचे दिवस आणि उसाचा गळीत हंगाम पुष्कळदा एकत्र येतात, तेव्हा मैदानावर कोण येऊ शकले नाही, हे त्यांत नसते. खो-खोच्या मुलींच्या छायाचित्राखाली नावे असतात, पण ती माहेरची. लग्नानंतर आडनाव, क्वचित नावही बदलते आणि अभ्यासकाचा माग तिथेच तुटतो. मुलांच्या संघाचा कर्णधार मात्र चाळीस वर्षांनीही, गावच्या पारावर नुसते विचारले तरी, सापडतो.