हंदाला
हंदाला : पॅलेस्टिनी व्यंगचित्रकार नाजी अल-अली (सु. १९३८–१९८७) यांनी निर्माण केलेला दहा वर्षांचा निर्वासित मुलगा. गॅलिलीतील अल-शजरा हे अल-अलींचे गाव. १९४८ च्या युद्धात ते उजाड झाले आणि त्यांचे कुटुंब लेबनॉनमधील सैदा शहरालगतच्या ऐन अल-हिलवे छावणीत आले. गाव सुटले तेव्हा अल-अली साधारण दहा वर्षांचे होते. हंदालाचे वय तेच राहिले. मायदेशी परतल्यावरच तो मोठा होऊ लागेल, असे ते सांगत.

छावणीच्या भिंतींवर चित्रे काढणाऱ्या या तरुणाला लेखक गस्सान कनफानी यांनी हेरले व त्याचे चित्र १९६१ मध्ये छापले. हंदाला १९६९ मध्ये कुवेतच्या ‘अल-सियासा’ दैनिकात प्रथम दिसला. अनवाणी पाय, ठिगळांचे कपडे, साळिंदराच्या काट्यांसारखे उभे केस. १९७३ नंतर त्याने वाचकांकडे पाठ फिरवली, हात मागे बांधले. त्याचा चेहरा दिसत नाही. पण तो ज्याकडे पाहतो आहे तेच आपल्यालाही पाहावे लागते, आणि हेच या रेखाटनाचे खरे बळ. नाव ‘हंझल’ म्हणजे कडू वृंदावन या वेलीवरून आले आहे. ही वेल तोडली तरी खोल मुळांतून पुन्हा फुटते.

२२ जुलै १९८७ रोजी लंडनमध्ये अल-अलींवर गोळी झाडण्यात आली; २९ ऑगस्टला ते मरण पावले. या खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झालेली नाही. पॅलेस्टिनी वस्त्यांच्या भिंतींवर हंदाला आजही रंगवला जातो.