लदेणीच्या वाटेवरचा कुत्रा आणि पिल्लाची पारख

वाशीम जिल्ह्यातील जातिवंत कुत्र्याचा माग काढू गेल्यास तो बंजारा तांड्यांपाशी पोहोचतो. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे आणि रामनवमीच्या यात्रेला देशभरातून लोक जमतात. या समाजाचे पूर्वज लदेणीचा व्यापार करीत. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य आणि मीठ एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेणारे तांडे नायकाच्या हुकुमाने चालत. फौजांची रसदही त्यांच्याच बैलांवरून जाई. 1803 साली आडगाव आणि गाविलगडापर्यंत वऱ्हाडात लढलेला इंग्रज सेनापती वेलस्ली आपल्या दख्खनच्या मोहिमांत याच बंजाऱ्यांच्या धान्यावर विसंबून होता.

रात्री उघड्या माळावर उतरलेल्या गुरांना चोरांची आणि लांडगा-बिबट्याची भीती असे. राखणीला कुत्रा लागे, आणि वाटेत शिकारीलाही तोच उपयोगी पडे. ब्रिटिश अमदानीतील लेखकांनी बंजारा कुत्र्याची वेगळी नोंद केली आहे. हा कुत्रा उंच, बहुधा काळ्या अंगावर राखी किंवा निळसर छटेचा. केस राठ तरीही रेशमाची झाक असलेले, कान, पाय आणि शेपटी झालरदार. रामपुरी कुत्र्यापेक्षा धावायला थोडा मंद, पण धाडसात त्याच्या तोडीचा दुसरा नाही आणि मालकाच्या घोड्यामागे तो दिवसभर दुडक्या चालीने येतो, असे हे वर्णन सांगते. इराणी शिकारी कुत्र्याशी असलेले त्याचे साम्यही या लेखकांच्या नजरेतून सुटलेले नाही.

तांड्यात पिल्लाची पारख करायला कागद लागत नव्हता. नर आणि मादी दोघेही त्याच मुक्कामावर काम करताना दिसत. कोणती कुत्री रात्री जागी राहते, कोणता कुत्रा रानडुकरापुढे कचरतो आणि कोणत्या विणीतली पिल्ले जगत नाहीत, हे सोबत चालणाऱ्यांपासून लपून राहणे अवघडच. पिल्लू ज्याच्याकडून आले तो माणूसही पुढच्या मुक्कामावर भेटणारच असे. जबाबदार पैदासकार म्हणून आज जो शोधावा लागतो, तो त्या जगण्यात आपसूकच हाताशी होता.

ही व्यवस्था कागदावर उतरण्याआधीच मोडली. 1867 मध्ये भुसावळकडून अकोला, बडनेरामार्गे रेल्वे नागपूरला पोहोचली आणि वऱ्हाडातील बैलांवरची वाहतूक ओसरत गेली. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने देशातील अनेक भटक्या समूहांच्या फिरण्यावर पहारा बसवला. तो रद्द व्हायला 1952 साल उजाडले. तांडे वस्त्यांमध्ये स्थिरावले, तशी मोठ्या शिकारी कुत्र्याची गरज कमी झाली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीटासारख्या प्राण्यांच्या शिकारीला पूर्ण बंदी आली, आणि ते योग्यच झाले. ज्या माळांवर असे कुत्रे हरणामागे धावत, त्यांपैकी काही भाग आता कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्यात आहे. कुत्र्याचे कामच गेल्यावर त्याचे रक्त गावठी कुत्र्यांत मिसळत गेले. वऱ्हाडात आज बंजारा नावाची कुत्र्याची स्वतंत्र नोंदलेली जात नाही.

शेजारच्या मुलखात मात्र वेगळे घडले. मराठवाडा, सोलापूर, सांगली आणि कर्नाटक सीमेवरच्या गावांत कारवान आणि पश्मी हे कुत्रे टिकले. कारवान आखूड केसांचा, पश्मीच्या कानांना आणि शेपटीला झालर. मुधोळ संस्थानाचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी गावकऱ्यांकडच्या अशाच कुत्र्यांमधून निवड करून पैदास केली, आणि एक जोडी राजे पंचम जॉर्ज यांना भेट दिली असे सांगितले जाते. संस्थान गेले, तरी नाव आणि वंश राहिला. 2005 मध्ये टपाल खात्याने मुधोळ हाउंडचे तिकीट काढले. पुढे मुधोळजवळ तिम्मापूर येथे विद्यापीठाचे संशोधन केंद्र उभे राहिले आणि 2016 मध्ये काही पिल्ले लष्कराकडे प्रशिक्षणासाठी गेली. केनेल क्लब ऑफ इंडिया याच कुत्र्याची नोंद कॅरव्हान हाउंड म्हणून करतो.

मुधोळचा कुत्रा वऱ्हाडी भावंडापेक्षा उजवा होता म्हणून टिकला, असे मानायला आधार नाही. त्याला वंश सांभाळणारा आणि त्याबद्दल उत्तर देणारा कोणीतरी मिळाला. बंजारा कुत्र्याच्या वाट्याला तसे कोणी आले नाही, ही वऱ्हाडाची मोठी हानी आहे.

वंशावळीच्या कागदाची प्रथा विलायतेची. लंडनचा केनेल क्लब 1873 मध्ये स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने वंशनोंदीचे पुस्तक छापले. भारतातही प्रदर्शने आणि प्रमाणपत्रे आली. अल्सेशियन, लॅब्राडोर, पामेरियन यांची हौस शहरांतून तालुक्याच्या गावांपर्यंत उतरली. कागदाने आजा-पणज्याची नावे कळतात. आई कशी ठेवली आहे हे कळत नाही. फोटो पाहून पैसे पाठवायचे आणि पुण्या-नागपूरकडून ट्रॅव्हल्सने येणारा खोका उतरवून घ्यायचा, या व्यवहारात तर आईचे तोंडही दिसत नाही. वाशीमच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी दात पाहिल्याशिवाय, चालवून पाहिल्याशिवाय सौदा करीत नाही. तोच माणूस पिल्लू न पाहता घेतो, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांची पारख तो वापरतच नाही.

1978 च्या सुमारास जगभर पसरलेल्या पार्व्हो विषाणूने पिल्लू न पाहता घेण्याच्या या घाईची किंमत फार वाढवली. लस न टोचलेले, आईपासून लवकर तोडलेले पिल्लू रक्ताच्या हगवणीने दोन-चार दिवसांत दगावू शकते. केंद्र सरकारने 2017 मध्ये श्वान पैदास व विक्रीचे नियम केले ते याच क्षेत्राला शिस्त लावण्यासाठी. पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. मादी 18 महिन्यांची होण्याआधी आणि 8 वर्षांनंतर तिच्यापासून पैदास करता येत नाही. 8 आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. मायक्रोचिप, लसीकरण आणि नोंदी ठेवणे बंधनकारक आहे.

नियमांपलीकडची पारख जुन्या पद्धतीचीच आहे. आई समोर आणायला टाळाटाळ करणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये. तिच्या बरगड्या निघाल्या आहेत का, सड ओघळून अंग खंगले आहे का, मालकाच्या हाताला ती बिचकते का, यावरून तिला किती विणींना जुंपले ते बरेचसे कळते. पिल्लाच्या हिरड्या गुलाबी हव्यात. बाकी अंग रोड आणि पोट तेवढे टम्म असेल तर जंतांची शंका घ्यावी. जर्मन शेफर्ड किंवा लॅब्राडोर असेल, तर आईवडिलांच्या खुब्याच्या सांध्याचे एक्स-रे मागावेत, कारण खुब्याचा दोष वंशातून उतरतो. चांगला पैदासकार उलट प्रश्नही विचारतो: घरी दिवसभर कोण असते, मे महिन्यातल्या वऱ्हाडी उन्हात कुत्रा कुठे राहील? सांभाळणे जमले नाही तर पिल्लू परत घेण्याची त्याची तयारी असते. शंका राहिल्यास सौदा पक्का करण्यापूर्वी पिल्लू पशुवैद्यकाला दाखवता येते. वाशीमकरांना त्यासाठी अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था जवळ पडते.