सांधा (प्रतिकृती रेल्वे)

गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणाऱ्या रेल्वेमार्गाच्या भागास सांधा म्हणतात. डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजेच डीसीसी पद्धतीने चालणाऱ्या प्रतिकृती रेल्वेत सांध्याची निवड ही केवळ आकाराची बाब राहत नाही. सांध्याची विद्युतरचना अयोग्य असल्यास एका डब्याच्या एका चाकामुळे मांडणीवरील सर्व गाड्या एकाच क्षणी थांबू शकतात. येथील विवेचन दोन रुळांतून वीज घेणाऱ्या मांडणीपुरते आहे. मेर्क्लिनच्या तीनवाहकी पद्धतीत दोन्ही रूळ एकाच ध्रुवतेचे असल्याने तेथे हा प्रश्न उद्भवत नाही.

पार्श्वभूमी

जर्मनीतील लेन्झ कंपनीच्या तंत्राच्या आधारे अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन (स्थापना १९३५) या संस्थेने १९९० च्या दशकात डीसीसीची मानके ठरवली. जुन्या पद्धतीत रुळांतील विद्युतदाब कमीअधिक करून गाडीचा वेग राखला जाई. सांध्यावर क्षणभर शॉर्टसर्किट झाले तरी इंजिन किंचित अडखळून पुढे जाई. डीसीसीत रुळांमध्ये सतत पूर्ण दाब असतो आणि गाडीतील डिकोडर त्याच विजेतून आज्ञा वाचतो. १५ व्होल्ट व ५ अँपिअर क्षमतेचे यंत्र ७५ वॉट शक्ती देते. एवढी शक्ती एका चाकाच्या टोकाशी एकवटल्यास प्लास्टिक वितळू शकते. म्हणूनच शॉर्टसर्किट होताच यंत्र वीज तोडते आणि त्या विभागातील निर्दोष गाड्याही जागच्या जागी थांबतात.

पाती आणि फ्रॉग

सांध्याच्या सरकत्या पात्यांपैकी एक बाजूच्या स्थिर रुळाला टेकलेले असते, तर दुसरे उघडे असते. पुढे जेथे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या भागाला फ्रॉग म्हणतात. घोड्याच्या खुराच्या तळाशी असणाऱ्या याच नावाच्या भागाशी या शब्दाचा संबंध जोडला जातो.

इंग्लंडच्या पेको कंपनीच्या ‘इलेक्ट्रोफ्रॉग’ प्रकारात फ्रॉग धातूचा असून तो व दोन्ही पाती एकाच ध्रुवतेची असतात. त्यामुळे उघडे पाते आणि त्याच्या शेजारचा स्थिर रूळ यांची ध्रुवता परस्परविरुद्ध असते. चाकांच्या जोडीतील अंतर थोडे कमी असले, की चाकाची मागची बाजू उघड्या पात्याला घासते आणि शॉर्टसर्किट होते. ‘इन्सुलफ्रॉग’ प्रकारात फ्रॉग प्लास्टिकचा, म्हणजे निर्वीज असतो. हा सांधा जोडण्यास सोपा खरा. परंतु चार चाकांचे छोटे इंजिन त्यावर अडकते. शिवाय पुढच्या दोन्ही मार्गांना वीज दिलेली असल्यास फ्रॉगच्या टोकाशी रुंद चाक दोन विरुद्ध रुळांना एकदम स्पर्श करू शकते. तेथे नखांच्या रंगाचा हात देणे हा अनुभवी मंडळींचा स्वस्त उपाय आहे.

डीसीसीला अनुकूल सांधा तो, ज्यात प्रत्येक पाते शेजारच्या स्थिर रुळाशी कायमचे जोडलेले असते आणि फ्रॉग दोघांपासून अलग ठेवून त्याला वेगळ्या तारेने वीज दिलेली असते. पेकोचा ‘युनिफ्रॉग’ याच तत्त्वावर बनलेला आहे. वेष्टनावरील ‘डीसीसी’ या अक्षरांपेक्षा सांधा उलटा करून ही जोडणी पाहणे अधिक विश्वासार्ह होय. जुना सांधा याप्रमाणे बदलून घेता येतो. मात्र हे काम सांधा बसवून खडी चिकटवण्यापूर्वीच करावे लागते.

फ्रॉगची ध्रुवता सांध्याच्या मोटारीतील स्विचने बदलता येते. पात्याच्या स्पर्शावर विसंबू नये, कारण रंग, डिंक आणि गंज तो स्पर्श लवकरच बिघडवतात. दुसरा पर्याय ‘फ्रॉग ज्यूसर’ या आपोआप ध्रुवता बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणाचा. चुकीच्या बाजूला लावलेल्या सांध्यावर मागच्या अंगाने गाडी आली, तर स्विचच्या जोडणीत शॉर्टसर्किट होते. ज्यूसर ते टाळतो.

क्रमांक

क्रमांक ६ च्या सांध्यात फ्रॉगपासून ६ एकके पुढे गेल्यावर दोन मार्ग १ एककाने दूर होतात. हा कोन सुमारे साडेनऊ अंशांचा असतो. भारतीय रेल्वेवर १:१२ व १:८.५ असे सांधे प्रचलित आहेत. त्यांच्याशी तुलना करता प्रतिकृतीतील वळणे बरीच तीव्र असतात, हे ध्यानात येईल. क्रमांक वाढला की लांब डबे सुरळीत वळतात, पण फ्रॉगही लांबतो आणि त्याला वीज देणे अधिक अगत्याचे ठरते. पेकोच्या कोड १०० व कोड ७५ मालिकांत मात्र क्रमांक नसून लहान, मध्यम व मोठा असे नेहमीचे सांधे मिळतात. त्यांच्या त्रिज्या अनुक्रमे २४, ३६ व ६० इंच असल्या, तरी कोन सर्वांचा १२ अंशच असतो. ‘कोड’ हा आकडा रुळाची उंची इंचाच्या सहस्रांशांत सांगतो.

सांधा हलवणारी यंत्रणा

गाड्या डीसीसीवर चालतात म्हणून सांधेही डीसीसीनेच हलवले पाहिजेत, हा गैरसमज आहे. हाताने किंवा साध्या बटणाने हलवलेला सांधाही तेवढाच चांगला. डिकोडरद्वारे हलवायचे असल्यास त्याची वीज रुळांच्या विजेपासून स्वतंत्र ठेवावी. अन्यथा चुकीच्या सांध्यामुळे वीज गेल्यावर तोच सांधा दुरुस्त बाजूला फिरवण्यास वीज उरत नाही आणि गाडी हाताने मागे ढकलावी लागते.