अंगठ्याचा ठसा : सोलापूरच्या तारेच्या कुंपणापासून मोबाइलमधील खेळापर्यंत

१/
सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर वळसंग हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील गाव लागते. आज तेथील एखादा मुलगा अंगठा टेकवून मोबाइल उघडतो व खेळात रमतो. या कृतीत त्याला काहीही विशेष वाटत नाही. मात्र वळसंगपासून काही कोसांवर, सोलापूर शहरात, याच अंगठ्याच्या ठशाने हजारो माणसांचे जगणे जखडले होते. त्या ठशाचा हा इतिहास.

२/
प्रारंभ जुन्या मराठी कागदपत्रांपासून करावा लागेल. मराठेशाहीतील महजर अथवा करारपत्रे पाहिली, तर अक्षरओळख नसलेला कुणबी सहीच्या जागी नांगराचे चित्र काढीत असे. तिला ‘निशाणी नांगर’ म्हणत. बलुतेदारही आपापल्या हत्याराची निशाणी करीत. ही खूण माणूस स्वतःच्या हाताने काढी. ती त्याच्या कामाची व गावातील स्थानाची ओळख होती. त्याच्या शरीराची नव्हे.

३/
शरीराची खूण कागदावर आणण्याचा आधुनिक प्रयोग बंगालमध्ये झाला. जुलै १८५८ मध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा करारावर घेतला. रस्त्यासाठी लागणाऱ्या खडीचा हा करार होता. पुढे कंत्राटदाराने ‘ही सही माझी नव्हे’ असे म्हणू नये, एवढाच हेतू होता. ठशामागे अविश्वास होता, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

४/
१८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय स्थापन झाले. जगातील अशा प्रकारचे ते पहिले कार्यालय मानले जाते. लाखो ठशांतून नेमका एक कसा शोधायचा, हा खरा प्रश्न होता. अझीझुल हक व हेमचंद्र बोस या भारतीय कर्मचाऱ्यांनी ठशांची १,०२४ कप्प्यांत विभागणी करण्याची पद्धत घडवण्यात मोलाचा वाटा उचलला. पद्धतीला नाव मिळाले ते मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे. १९०१ मध्ये ती लंडनच्या स्कॉटलंड यार्डात पोहोचली.

५/
याच काळात दुसरी एक यंत्रणा आकार घेत होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, असा त्यामागील तर्क होता. जातिव्यवस्थेविषयीची इंग्रजांची समजूत येथे थेट फौजदारी कायद्यात उतरली. हा कायदा प्रथम उत्तर भारतात लागू झाला. १९११ च्या नव्या कायद्याने त्याची कक्षा मुंबई इलाख्यासह संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानापर्यंत वाढली.

६/
१९११ च्या कायद्यातील एक तरतूद महत्त्वाची आहे. नोंदवहीत नाव असलेल्या कोणाही व्यक्तीच्या बोटांचे ठसे घेण्याचा आदेश जिल्हा दंडाधिकारी केव्हाही देऊ शकत असे. त्या व्यक्तीने गुन्हा केलेला असण्याची आवश्यकता नव्हती. अमुक जमातीत जन्म झाला, एवढे कारण पुरेसे होते. कलकत्त्याचे शास्त्र आणि १८७१ चा पूर्वग्रह येथे एकत्र आले. एरवी मागे उरलेल्या ठशावरून गुन्हेगार शोधला जातो. येथे गुन्हा घडण्यापूर्वीच ठसा गोळा केला जात होता.

७/
मुंबई इलाख्यातील सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी एक सोलापुरात होती. लोक तिला ‘सेटलमेंट’ म्हणत. कैकाडी, टकारी, पारधी, भामटा अशा जमातींची कुटुंबे तेथे तारेच्या कुंपणाआड राहत. ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे. बाहेर जायचे तर परवाना लागे. परवान्यावाचून बाहेर सापडणे हाच गुन्हा ठरे. ज्याने कधी चोरी केली नव्हती, तोही अशा रीतीने कागदोपत्री गुन्हेगार होई.

८/
वसाहत सोलापुरातच का वाढली, याचे एक उत्तर गिरण्यांत आहे. १८७७ मध्ये सुरू झालेल्या ‘जुन्या गिरणी’पासून शहरात कापड धंदा फोफावला. गिरण्यांना मजूर हवे होते आणि सरकारला ‘सुधारणे’साठी काम हवे होते. वसाहतीतील स्त्री-पुरुष गिरणीत राबू लागले. त्यांना काम मिळाले, मुलांना शाळाही मिळाली, हे खरे. पण काम पसंत नाही म्हणून गाव सोडून जाण्याची मुभा मात्र त्यांना नव्हती.

९/
येथे वळसंगकडे पुन्हा वळावे लागते. सार्वजनिक पाणवठ्यावर कोणी पाणी भरावे हेही त्या काळी जन्मावरूनच ठरत असे. वळसंगच्या दलित वस्तीने स्वतःसाठी विहीर खोदली. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर गावात आले आणि त्यांनी त्या विहिरीचे पाणी प्राशन केले. ती विहीर आजही गावाच्या अभिमानाचा विषय आहे. पाणवठा आणि सेटलमेंट या दोन वेगळ्या गोष्टी खऱ्या. पण माणसाचा निवाडा त्याच्या कृतीवरून न करता जन्मावरून करणे, हे दोहोंचे मूळ एकच.

१०/
दहा वर्षांनी, मार्च १९४७ मध्ये, बाबासाहेबांनी ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ हे निवेदन संविधान सभेसाठी सिद्ध केले. मूलभूत हक्कांच्या मसुद्यात त्यांनी एक कलम घातले : माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे व चीजवस्तू यांची अकारण झडती वा जप्ती होता कामा नये. अमेरिकी संविधानातील चौथ्या दुरुस्तीचा हा वारसा होता. कन्हैयालाल मुन्शी यांच्या मसुद्यातही घराची अभेद्यता व पत्रव्यवहाराची गुप्तता यांचा समावेश होता.

११/
हे कलम अंतिम संविधानात आले नाही. बेनेगल नरसिंह राव आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी आक्षेप घेतला की, त्यामुळे गुन्ह्यांच्या तपासात अडथळा येईल. देश फाळणीच्या उंबरठ्यावर असताना या आक्षेपाला वजन प्राप्त झाले. परिणामी खासगीपणाचा हक्क संविधानात शब्दाने कोठेही उरला नाही. ती उणीव पुढील सत्तर वर्षे न्यायालयांना भासत राहिली.

१२/
३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द झाला. हा दिवस आज ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळला जातो. सोलापूरच्या वसाहतीच्या तारा पंडित नेहरूंच्या हस्ते तोडल्या गेल्या, ही आठवण भटक्या-विमुक्तांच्या चळवळीत सांगितली जाते. परंतु ‘सवयीचे गुन्हेगार’ या नावाने आलेल्या कायद्यांनी पाळत ठेवण्याची जुनी सवय टिकवून धरली. नोंदवहीचे नाव बदलले. त्यातील आडनावे बहुधा तीच राहिली.

१३/
१९६२ मध्ये खडक सिंग यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेल्या या माणसाच्या घरी उत्तर प्रदेशचे पोलीस रात्री-अपरात्री जात. न्यायालयाने या रात्रीच्या भेटी बेकायदा ठरवल्या. मात्र खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे बहुमताने मान्य केले नाही. न्या. सुब्बा राव यांनी भिन्न मत नोंदवले. त्यांच्या मते खासगीपणा हा व्यक्तिस्वातंत्र्याचा अविभाज्य भाग होता.

१४/
२९ सप्टेंबर २०१० रोजी ठसा पुन्हा महाराष्ट्रात केंद्रस्थानी आला. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिले ‘आधार’ क्रमांक दिले गेले. या वेळी हेतू उलटा होता. ज्यांच्याजवळ ओळखीचा कागद नाही, त्यांना रेशन व अनुदान मिळावे, हा उद्देश होता. ज्याला कोणी ओळखत नाही त्याच्यासाठी ठसा खरोखर उपयोगी पडतो. पण कष्टाने बोटांच्या रेषा झिजलेल्या मजुराचा ठसा यंत्र ओळखीत नाही, तेव्हा तोच ठसा त्याच्या हक्काच्या धान्याआड येतो.

१५/
या योजनेविरुद्धच्या याचिकांतूनच जुना प्रश्न सुटला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने निकाल दिला : खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पीठात न्या. शरद बोबडे व न्या. धनंजय चंद्रचूड हे दोघे महाराष्ट्राचे होते. आणीबाणीत नागरिकांचे स्वातंत्र्य नाकारणाऱ्या १९७६ च्या ज्या निकालात यशवंतराव चंद्रचूड सहभागी होते, तोही याच निकालपत्राने मोडीत निघाला. पुत्राने पित्याची चूक न्यायासनावरून दुरुस्त केली.

१६/
२६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात ‘आधार’ बहुमताने टिकले. मात्र खासगी कंपन्यांना ते मागण्याची मुभा देणारी तरतूद रद्द झाली. तत्त्व असे स्थिरावले : माहिती घ्यायची तर कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि घेतलेली माहिती त्या हेतूपुरतीच हवी. सेटलमेंटची नोंदवही या कसोटीवर लावून पाहावी. कायदा तेथेही होता. उरलेल्या दोन अटी मात्र तेथे मुळीच पुऱ्या होत नव्हत्या. केवळ कायदा असणे पुरेसे का नाही, हे यावरून कळते.

१७/
आता वळसंगच्या त्या मुलाकडे. मोबाइलमधील त्याचा ठसा सहसा फोनच्याच सुरक्षित भागात सांकेतिक रूपात राहतो. बाहेर जात नाही. खेळ मात्र अधिक मागतो. ध्वनिग्राहक, संपर्कयादी, ठावठिकाणा, खेळण्याच्या वेळा, पैसे केव्हा खर्च होतात याची नोंद. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ‘पबजी’सह ११८ ॲपवर बंदी घातली, तेव्हा वापरकर्त्यांची माहिती परदेशी जाते, हेच कारण पुढे केले होते. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक केली.

१८/
‘माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही’ असे तंत्रप्रेमी तरुण सहजपणे म्हणतो. सेटलमेंटमधील बहुसंख्य माणसांकडेही लपवण्यासारखे काही नव्हते. त्यांना काय लपवायचे आहे, हे कोणी विचारलेच नाही. कोणाला संशयित म्हणायचे, हे आधीच ठरले होते. परवलीचा शब्द चोरीला गेला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. म्हणून ठसा देण्यापूर्वी विचारायचे प्रश्न तीनच : कोण मागतो, कशासाठी मागतो आणि नकार दिल्यास काय होईल.

१९/
सोलापुरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव आजही घरांच्या पत्त्यात लिहिले जाते. कुंपण गेले, तरी पत्ता उरला. त्या पत्त्यावरून जाताना ‘फ्री’ हा शब्द तेथे का जोडावा लागला, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला आता ठाऊक असेल.