लातूरकराचं समुद्रात काय काम? : तगर ते गोडवाया

येत्या जानेवारीत आम्ही चौघं, दोन लातूरचे अन् दोन नांदेडचे, स्कूबा डायव्हिंगला जायचं ठरवतोय. ग्रुपवर सुरुवातीला एकच नाव फिरत होतं, थायलंड. मी श्रीलंकेसाठी भांडतोय आणि माझं कारण इतिहासातलं आहे.

घरी सांगितलं तर आईचा पहिला प्रश्न, "लातूरच्या माणसाचं समुद्रात काय काम?" प्रश्न रास्तच आहे. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ज्या पिढीला पाणी म्हटलं की घागरींची रांग आठवते, ती पैसे देऊन पाण्याखाली जाणार म्हणजे घरच्यांना कसंतरीच वाटणार.

पण लातूरहून तास-दीड तासावर तेर आहे, तेरणा नदीकाठी. गोरोबाकाकांचं तेर म्हणून आपण जातो, दर्शन घेतो, परत येतो. हेच जुनं तगर. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची मार्गदर्शिका लिहिली, 'पेरिप्लस'. त्याचं नाव कुणालाच माहीत नाही, पण तगर त्याला माहीत होतं. तो म्हणतो, भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठं शहर. तगरचं साधं कापड, मलमल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात जायची. तिथून पुढे जहाज.

हे तगर नेमकं कुठलं यावर विद्वानांत बराच घोळ होता. जुन्नर, दौलताबाद, धारूर, सगळी नावं सुचवून झाली. 1901 साली फ्लीट यांनी तेर सांगितलं आणि ते टिकलं. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहिली की इटलीतल्या पॉम्पेईत मिळालेली मूर्ती आठवते, इतकं साम्य आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय तिथंच आहे. रविवारी सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाला घरी. आणि पैठणच्या सातवाहनांचं बघा, यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवर चक्क दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे!

आता श्रीलंका. दक्षिण किनाऱ्यावर गोडवाया नावाचं गाव आहे. 2003 मध्ये शंख काढणाऱ्या स्थानिक पाणबुड्यांना तिथं समुद्रतळाशी जुन्या वस्तू दिसल्या. निघालं काय, तर इसवी सनाच्या आगेमागे बुडालेलं जहाज. हिंदी महासागरात आजवर सापडलेल्या सगळ्यात जुन्या जहाजांपैकी एक. त्यात काचेचे गोळे, मातीची भांडी, दगडी पाटे. त्यात तगरचा माल होता असं मी अजिबात म्हणत नाही. कापड दोन हजार वर्षं पाण्यात टिकत नाही, त्यामुळे आपल्या विणकरांचा पुरावा समुद्रात शोधून मिळणारच नाही. पण काळ तोच आणि समुद्रही तोच.

पेच असा की ते जहाज तीसेक मीटर खोल आहे. आम्ही करणार तो ओपन वॉटर कोर्स, त्याची मर्यादा 18 मीटर. शिवाय कोर्सला 200 मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं लागतं. चौघांतले दोघं विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेले, ते निभावतील. नांदेडच्या एकाला मात्र पोहताच येत नाही, त्याने आता तरण तलावाचा पास काढलाय. त्याचं जमलं तरच चौघं जाणार, हे ठरलंय.

दक्षिण किनाऱ्यावर डायव्हिंगचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणून जानेवारी. विमान हैदराबादहून, मुंबईपेक्षा ते आपल्याला जवळ. परतीच्या आधी किमान 18 तास डायव्ह करायचा नाही, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणजे शेवटचा दिवस मोकळा. तो मी गोडवायासाठी राखून ठेवलाय. तिथं दुसऱ्या शतकातला गजबाहू राजाचा शिलालेख आहे, बंदराच्या जकातीचं उत्पन्न विहाराला दिल्याचा. तेवढा वाचायचा, अन् मग विमानतळ.