चंद्रग्रहणाचे हौशी छायाचित्रण

चंद्रग्रहणाच्या अवस्था कॅमेऱ्याने टिपण्याचा छंद. सूर्यग्रहणाप्रमाणे येथे खास फिल्टर लागत नाही व डोळ्यांनाही धोका नसतो. अडचण असते ती प्रकाशाची. पूर्ण चंद्राला आयएसओ 100 व एफ/8 छिद्र ठेवल्यास 1/125 सेकंद पुरतो. खग्रास अवस्थेत तेजस्विता हजारो पटींनी उतरते. मग आयएसओ 800 वरही सेकंद-दोन सेकंद, गडद ग्रहणात त्याहून अधिक वेळ शटर उघडे ठेवावे लागते.

खग्रास चंद्र तांबूस दिसतो, कारण पृथ्वीच्या वातावरणातून वळलेला लाल प्रकाश त्याच्यावर पडतो. ही छटा प्रत्येक ग्रहणात वेगळी असते. पिनाटुबो ज्वालामुखीच्या 1991 मधील उद्रेकानंतर डिसेंबर 1992 चे ग्रहण कमालीचे काळवंडलेले होते. फ्रेंच ज्योतिर्विद आंद्रे दांजाँ यांची 0 ते 4 ही श्रेणी या गडदपणासाठीच आहे. श्वेत-संतुलन स्वयंचलित ठेवले, तर कॅमेरा नेमकी हीच लाली पुसू पाहतो. रंगाची नोंद हवी असेल तर ते ठरावीक ठेवणे उत्तम.

चंद्रबिंब केवळ अर्ध्या अंशाचे असल्याने 500 मिमी भिंगातही त्याची प्रतिमा जेमतेम साडेचार मिमी भरते. शिवाय आकाश सरकत असते. नुसत्या ट्रायपॉडवर एक सेकंदातही कडा पुसट होऊ लागतात, म्हणून अनुसरण करणारी बैठक उपयोगी पडते.

ढगांचीही अडचण असते: भारतातून दिसलेली 27-28 जुलै 2018 (खग्रास 103 मिनिटे) आणि 7-8 सप्टेंबर 2025 (82 मिनिटे) ही दोन्ही ग्रहणे महाराष्ट्रात ऐन पावसाळ्यात आली.