डब्यावरची अक्षरं अन् बिल्टीवरचा नंबर

मूर्तिजापूर स्टेशनावर शकुंतलेची वाट पाहिलेली माणसं आपल्यात अजून आहेत. यवतमाळ ११३ किलोमीटर, अचलपूर ७६ किलोमीटर. गाडी चालवायची जीआयपी रेल्वे, मालकी मात्र किलिक निक्सनच्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. मालक एक, चालवणारा दुसरा. मग कापसाची गाठ वाटेत हरवली तर जबाब कोणाला मागायचा?

हाच प्रश्न तेव्हा सगळ्या रेल्वे कंपन्यांना पडला होता. जीआयपी १८६७ मध्ये नागपूरला पोचली. पुढे तिथून बंगाल-नागपूर रेल्वे निघाली. एका कंपनीचा डबा दुसरीच्या रुळांवर जाऊ लागला. त्याचं भाडं, मोडतोड, गहाळ माल, या सगळ्याच्या हिशेबासाठी मालकाचं नाव डब्यावरच हवं. म्हणून कंपनीची आद्याक्षरं अन् नंबर रंगवले जायचे.

५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे झाली, जीआयपी तिच्यात गेली. खूण मात्र टिकली, फक्त आता ती आकड्यांत आहे. बडनेऱ्यात मालगाडी थांबली की पाहा, डब्यावर ११ आकडे असतात. पहिले २ डब्याचा प्रकार, पुढचे २ मालक रेल्वे (०१ म्हणजे मध्य रेल्वे), मग २ बांधणीचं वर्ष, ४ डब्याचा स्वतःचा नंबर. शेवटचा १ तपासणीचा. लिहिताना चूक झाली तर तो जुळत नाही. अमेरिकेत तर १९६० च्या दशकापासून प्रत्येक वाहतूक कंपनीला २ ते ४ अक्षरांचा स्वतंत्र संकेत आहे.

आता आपल्या रस्त्यावर या. एमएच-२७ म्हणजे अमरावती, एमएच-३० म्हणजे अकोला. पण त्यावरून ट्रक कुठं नोंदला एवढंच कळतं. माल कोणाच्या जबाबदारीवर आहे, ते नाही.

माझ्या मामांनी एका वर्षी वरुडाहून संत्रा पाठवला. गाडी दोन दिवस उशिरा पोचली, अर्धा माल सडला. ट्रान्सपोर्टवाला म्हणे, "गाडी आमची नाही ना भाऊ, भाड्याची होती." बिल्टीवर फक्त एक रबरी शिक्का. मामा गप्प बसले.

गप्प बसायचं कारण नव्हतं. १८६५ चा जुना कायदा जाऊन २००७ चा रस्ता माल वाहतूक कायदा आला, २०११ पासून लागू आहे. बिल्टी देऊन माल नेणाऱ्याला नोंदणी सक्तीची आहे. गाडी भाड्याची होती म्हणून त्याची जबाबदारी संपत नाही. फक्त नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते, नाहीतर दावा चालत नाही. मामांना हे कळलं तोवर वर्ष उलटलं होतं.

तूर, सोयाबीन, संत्रा, काहीही भरा. ताडपत्री बांधायच्या आधी बिल्टी वाचा. नोंदणी क्रमांक नसेल तर तिथंच विचारा. इंग्रजांच्या कंपन्यांनी आपला पैसा बुडू नये म्हणून डबे रंगवले. आपला माल आपला आहे, तर एक नंबर पाहायला काय जाते बाप्पा?

तुमच्याजवळच्या बिल्टीवर क्रमांक आहे का? पाहून सांगा.